कासव कुठल्या राज्यात नेणार?

"मॅडम, राज्य कुठलं लिहू?" एवढंच त्या एजंटनं फोनवर विचारलं, आणि आमच्या घरात जी आग लागली ती विझेपर्यंत कतारमधल्या दोह्याचा निम्मा हिवाळा निघून गेला.

हा एजंट म्हणजे इथून जाणाऱ्या लोकांची कुत्री-मांजरं त्यांच्या त्यांच्या देशात पोचवणारा माणूस. अतिशय गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्यांचा मला मुळातच राग येतो. कुत्रं असतं तर त्यानं काम चुटकीसरशी केलं असतं. आमचं होतं कासव. आफ्रिकेच्या वाळवंटातलं, जमिनीवर राहणारं, भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं जड. असलं परदेशी जनावर भारतात न्यायचं तर दिल्लीची परवानगी लागते, आणि त्याच्याही आधी ते ज्या राज्यात राहणार तिथल्या वनखात्याची ना-हरकत लागते, असं तो म्हणाला. मिळेल का, असं विचारलं तर 'इन्शाल्ला'. पण राज्य आधी ठरवा, मग पुढचं बोलू. माणसांना कुणी विचारत नाही की बाबांनो, म्हातारपणी कुठल्या राज्यात जाऊन पडणार आहात. कासवाला मात्र विचारतात.

नवऱ्याची नोकरी संपत आली होती. गॅस प्लांटमधला इंजिनिअर, साठी झाली की कंपनी हार घालते, केक कापते आणि आरपी रद्द करते. आरपी म्हणजे इथं राहण्याचा परवाना. तो गेला की तुम्ही कितीही वर्षं इथं काढलेली असोत, पाहुणे. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायचे, ते आधीच सोडलेलं. तेव्हा जायचं हे नक्की होतं. कुठं, हे मात्र आम्ही दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळं ठरवून ठेवलं होतं आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. नवरा कुडाळकडचा. मी सोलापूरची.

कासव घरात आलं तेव्हा मुलगी सहावीत होती. आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅटमध्ये राहायचो. एका शुक्रवारी सूकमधल्या, म्हणजे जुन्या पेठेतल्या, पक्ष्यांच्या बाजारात गेलो, तिथं एका टबात बटाटेवड्याएवढी पिल्लं होती, आणि मुलीनं तिथंच भोकाड पसरलं. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, इतनाही रहता है, इससे बडा नहीं होता." तो छातीवरचा हात मला अजून दिसतो आणि अजून पिरगाळावासा वाटतो.

घरी आल्यावर नवऱ्यानं काय केलं? बाथरूममधली बादली काठोकाठ भरली आणि पिल्लू तिच्यात सोडलं. का, तर बिचारं उन्हानं सुकलंय. कोकणातला माणूस हा. त्याच्या गावात कासव म्हटलं की विहीर, देवळाची तळी, खाडी. मी स्वयंपाकघरातून आले तर पिल्लू तळाशी पाय झाडतंय आणि हा उकिडवा बसून कौतुकानं सांगतोय, "बघ गो, कसा पेवता!"

"अहो, पोहत नाहीये ते, बुडतंय!"

कोपरापर्यंत हात घालून मी ते बाहेर काढलं. उपडं धरलं तर तोंडातून पाणी निघालं. मुलगी किंचाळत होती, नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "माका काय म्हायत," एवढंच तो म्हणाला. माझ्याशी एरवी तो नीट पुस्तकी मराठी बोलतो, पण घाबरला किंवा चिडला की सरळ गावात जाऊन पोचतो. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत नसेल तर माणसानं आधी विचारावं की नाही? हे मी त्याला तेव्हाही विचारलं होतं.

मग ते वाढलं. बशीएवढं झालं, परातीएवढं झालं, मग थांबायचं नावच घेईना. मुलगी बारावी झाली, युरोपात शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. कासव आमच्याकडे राहिलं. फ्लॅटमध्ये मावेना म्हणून आम्ही शहराच्या कडेला मुऐदरला आलो, एका व्हिलाच्या मागच्या भागात, कारण तिथं मातीचं अंगण होतं. नवऱ्याला कंपनीची बस लांब पडायला लागली, त्यावरून रोज कटकट. कासवानं अंगणात बीळ खणलं, खणता खणता भिंतीखालून घरमालकाच्या बाजूला निघालं आणि त्याच्या वाफ्यातली जर्जीरची भाजी मुळासकट फस्त केली. घरमालक म्हातारा कतारी गृहस्थ. तो दारात आला तेव्हा मला वाटलं, खलास, आता सामान बाहेर. पण तो हसत होता. शहराबाहेर त्याचा मजरा होता, म्हणजे शेत, तिथं म्हणे असली बरीच आहेत. नको झालं तर मला द्या, म्हणाला. मी म्हटलं, शुक्रन, नको, आणि दार लावून घेतलं.

बाजारातून लसूणघास आणायचा तो मी. थंडीत बिळाच्या तोंडाशी गरम दिवा लावायचा तो मी. डॉक्टरकडे न्यायचं तर ड्रायव्हरच्या विनवण्या मी करायच्या. सकाळी मी मागचं दार उघडलं की बिळातून घसरत घसरत ते बाहेर येतं आणि माझ्या सपातेवर डोकं टेकवून उभं राहतं. शाळा सुटली, मुलगी गेली, नवरा प्लांटवर. या सबंध देशात सकाळी उठल्यावर मी कुणाला तरी हवी असायचे ती एवढ्या एकालाच. यावर कुणी हसणार असेल तर खुशाल हसा.

आमच्या मराठी मंडळींनी त्याचं काय केलं तेही सांगते. एका संक्रांतीला मला दुर्बुद्धी झाली आणि मी हळदीकुंकवाला मंडळातल्या बायकांना घरी बोलावलं. मी आत वाणाचे डबे काढत होते, तोवर एकीला अंगणात कासव दिसलं. "अगंबाई, साक्षात कूर्मावतार!" झालं. मी बाहेर आले तर कवचावर खोबरेल तेल चोपडलेलं, त्यावर हळद, त्यावर कुंकू, वर अक्षता, आणि पैठण्या सावरत सगळ्या रांगेनं पाया पडतायत. देवळात शिरताना दगडाचं कासव असतं ना, त्याला करतात तस्सं. आणि ते भाबडं जनावर समोर ठेवलेला तिळगूळ कराकरा चावतंय.

"अहो, ते गवत खातं! गूळ नाही पचत त्याला!"

"प्रसाद आहे तो, काही होत नाही," ती बाई म्हणाली. "आणि तुम्ही त्याला उत्तरेला तोंड करून ठेवत जा बरं का. घरात बरकत येते."

कासवाला उत्तर-दक्षिण कळत नाही, ते उन्हाकडे तोंड करतं. त्या संक्रांतीला मी जे बोलले त्यात गोड असं काही नव्हतं. पुढं कासवाचं पोट बिघडलं, डॉक्टरनं मलाच झापलं, आणि वर लोकांचे फोन सुरू झाले की दर्शनाला कधी येऊ. एका सद्गृहस्थांनी विचारलं, नारळ कुठं फोडायचा. म्हटलं, स्वतःच्या टाळक्यात फोडा. त्यानंतर मंडळाची आमंत्रणं बंद झाली. उत्तम झालं.

तर एजंटचा प्रश्न. रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. नवऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "महाराष्ट्र सांग. सिंधुदुर्ग." जसं काही ठरलेलंच आहे. त्याच्या वाटणीची जमीन आहे तिकडं, आंब्याकाजूची कलमं आहेत. तिथं दोन खोल्यांचं घर बांधायचं हे त्याचं केव्हापासूनचं, खिडक्या कुठं येणार हेसुद्धा पाठ. प्लांटवरून दमून आला की त्या खिडक्यांबद्दल बोलायचा.

"तिकडं चार महिने ओल," मी म्हटलं. "डॉक्टरनं काय सांगितलं ऐकलं नव्हतं का तुम्ही? ओल्या जमिनीवर राहिलं तर पोटाखालचं कवच कुजतं. छाती भरते. मरेल ते."

"हीटर लावू. वेगळी खोली बांधू त्याच्यासाठी."

"आणि लाइट? पावसात तुमच्याकडे लाइट असते का? तुमचा भाऊ तर आठवडा आठवडा फोन चार्ज करायला कुडाळात जातो."

त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "मग कुठं?"

"सोलापूर कोरडं आहे."

"हां. आता कळलां." हात ताटातच राहिला त्याचा. "म्हणजे तुझा माहेर. कासवाच्या नावान माका म्हातारपणी घरजावई करूक बघतंस."

मला असा संताप आला! माहेरी माझं आता कोण आहे? एक भावजय, ती मला फोनवर कशी आहेस हेसुद्धा विचारत नाही. मी तिथं कशाला मरायला जाऊ? मला फक्त कोरडी जमीन पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी मी नकाशा उघडून बसले आणि संध्याकाळी त्याच्यापुढं ठेवला. "घ्या. कच्छ. गुजरात. ना तुमचं ना माझं. हवा कोरडी, माती कोरडी, घरं स्वस्त. आता बोला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आता या वयात केम छो शिकू?"

"शिका की. प्लांटवर अरबी शिकलातच ना."

"अगो, या वाळवंटातना सुटाक व्हया म्हणान मी दिवस काढलंय हय! आणि तू माका उचलून दुसऱ्या वाळवंटात नेवन घालतंस? कासवासाठी? ता काय तुका आई म्हणता?"

"तुमची कलमं तुम्हाला बाबा म्हणतात का?"

मग रोज तेच. चहाला गुजरात, जेवायला कोकण. एजंट आठवड्याला फोन करून तोच प्रश्न विचारायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण हाताशी तोच होता. नवरा कासवाकडे बघेनासा झाला. अंगणात गेला तर त्याला वळसा घालून जायचा. एकदा मी ऐकलं, तो त्याला सांगत होता, "तुझ्या पायी माझा घर ऱ्हवला." कासव पान खात होतं.

शुक्रवारची सकाळ होती. मी पोहे परतत होते आणि नवरा बाहेरच्या खोलीत फोनवर गावाकडचे निरोप ऐकत बसला होता. कान जरा कमी झालेत त्याचे, त्यामुळे सगळं स्पीकरवर, मोठ्यानं. गावच्या देवस्थानातला कुणीतरी बोलत होता. उत्साहानं नुसता फुटत होता. "दादानू, तळी उपसून साफ केलंव. कासव कधी येतला ता सांगा. पायरेर लाइट लावतंव. गावात सगळ्यांका सांगलेला आसा."

मी गॅस बंद केला. झारा हातातच होता, तशीच बाहेर आले.

"तळीत सोडणार तुम्ही त्याला?"

तो दचकला. "अगं, तसं नाही. देवळाची तळी आहे. पायऱ्या आहेत. उन्हात पायरीवर बसेल, वाटेल तेव्हा पाण्यात जाईल. लोक खायला घालतील. देवाच्या दारात राहील. आपल्या घरातून चालत पाच मिनिटं. तू रोज जा ना बघायला."

"बादली आठवते का?"

त्याला आठवली नव्हती. शप्पथ सांगते, खरंच आठवली नव्हती. मी म्हटल्यावर त्याच्या तोंडावर ती हळूहळू आली.

"तळीक पायऱ्या आसत गो..."

"त्याला पायऱ्या चढता येत नाहीत हो!" मी इतकी ओरडले की शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला, ऐकायला. "बटाटेवड्याएवढं होतं तेव्हा मी हातानं काढलं. आता कोण उडी मारणार आहे? तुम्ही? गुडघे बघा स्वतःचे! सगळं गाव काठावर उभं राहून हात जोडून बघेल, देव बुडी मारून बसलाय म्हणून! आणि मला न विचारता? मला न सांगता कबूल करून मोकळे झालात?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला तिथल्या तिथं फोन करायला लावला, माझ्यासमोर. त्यानं केला. कासव येणार नाही, त्याला पाणी चालत नाही, असं सांगितलं. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, "मगे तुमी तरी येवन काय करतलास?"

मस्करी होती. गावाकडे बोलतातच असं. नवराही हसला, "होय रे, ताही खराच," म्हणाला आणि फोन ठेवला. मग पुन्हा एकदा हसला, पण त्या हसण्याला काही अर्थ नव्हता. पोहे त्यानं खाल्ले नाहीत. त्या दिवसापासून तो खिडक्यांबद्दल बोलायचा बंद झाला. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ते बरं वाटणं काही टिकलं नाही.

आमची भांडणं ऐकून मुलीनं सुट्टी काढली आणि सोडवायला आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते निम्मं-अधिक इंग्रजीत. "आई, बाबा, यू गाइज आर अनबिलिव्हेबल," हे विमानतळावरच सुरू. तिचंही खरं, दोन म्हातारी माणसं कासवावरून एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर. पण कासव आणलं कुणी? भोकाड कुणी पसरलं होतं? हे मी गाडीतच विचारलं, तर म्हणे, आई, आय वॉज अ चाइल्ड.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला न विचारता घरमालकाकडे जाऊन आली आणि त्याच्याबरोबर गाडीत बसून त्याचा मजराही बघून आली. दुपारी जेवताना तिनं सांगितलं. इंग्रजीतच, पण अगदी सावकाश, आम्ही दोघं तिच्या वर्गातली ढ मुलं असल्यासारखं. तिथं कासवाच्या वयाची अजून आहेत. भरपूर मोकळी जागा आहे. रोज ठरल्या वेळी खायला देतात. डॉक्टर येऊन तपासून जातो. त्याला एकटं वाटणार नाही, ते मजेत राहील. आणि मधे मधे जाऊन बघता येईल.

"कोण जाणार बघायला? आम्ही इथं असणार आहोत का?"

"आई, प्लीज. लेट्स बी प्रॅक्टिकल. ते अजून साठ-सत्तर वर्षं जगणार. तुमच्यानंतर कोण?"

"तू."

ती माझ्याकडे बघत नव्हती. भाताची शितं बोटानं गोळा करत होती. "मी नाही करू शकत, आई," ती म्हणाली. हे मात्र अख्खं मराठीत म्हणाली.

मला वाटलं, आता नवरा तिची बाजू घेणार. त्याला हवं तेच होतं ना? कासव मजऱ्यावर गेलं की आपण मोकळे, कोकण मोकळं. मी पदर खोचूनच बसले होते. पण तो नुसता ताक प्यायला, हात धुतले, अंगणाच्या दारात जाऊन उभा राहिला. कासव त्याच्या पायापर्यंत आलं, तर या वेळी तो बाजूला सरकला नाही.

पुढच्या दिवशी चहाच्या वेळी मुलीनं लॅपटॉप आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवला. पुण्याच्या बाहेर एक ज्येष्ठांची वसाहत होती. हिरवळ, बाक, पांढऱ्या केसांची हसरी माणसं. "हे फक्त बघा," ती म्हणाली. "डोन्ट रिअ‍ॅक्ट." आणि सांगायला लागली. इथं तुमच्या वयाची अजून लोकं आहेत. भरपूर मोकळी जागा आहे. रोज ठरल्या वेळी जेवण येतं. डॉक्टर येऊन तपासून जातो. तुम्हाला एकटं वाटणार नाही, तुम्ही मजेत राहाल. आणि मी मधे मधे येऊन बघून जाईन.

तिला स्वतःला ऐकू आलं नाही. मला आलं, पण मला वाटलं मीच वाकडं ऐकतेय, माझं डोकं फिरलेलंच असतं. मग नवऱ्यानं कप बशीत ठेवला.

"आणि आमका लसूणघास कोण घालतलो?" त्यानं विचारलं.

"व्हॉट?" ती हसली. मग तिला कळलं. चेहरा उतरला तिचा. "बाबा, दॅट्स नॉट फेअर. मी तसं नाही म्हटलं."

"काल त्याची सोय केलीस, आज आमची केलीस," तो तिला म्हणाला. आवाज चढवला नाही, नीट पुस्तकी मराठीत बोलत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "चांगली केलीस. मनापासून केलीस. पण त्या कासवानं तुला विचारलं होतं का? आम्ही विचारलं होतं?"

तिनं लॅपटॉप मिटला आणि रडायला लागली. मी तुमच्यासाठी सुट्टी काढून आले, तुम्हाला माझी काही किंमतच नाही, मी एकटी तिथं काय काय बघू. वाचणाऱ्याला वाटेल, आईनं अशा वेळी मुलीला जवळ घ्यावं. मी नाही घेतलं. माझ्या अंगात इतका राग होता की हात लावला असता तर तिला टोचला असता. शिवाय ती खरं बोलत होती, आणि आम्हीही खरं बोलत होतो, मग जवळ कुणी कुणाला घ्यायचं? ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. लहानपणी आपटायची, आता हळूच लावते.

नवऱ्यानं टेबलावरचा माझा फोन घेतला आणि एजंटला लावला. स्पीकरवर, नेहमीसारखा.

"हां, लिखो. गुजरात. कच्छ."

मी उभी राहिले.

"सर, पक्का ना?" एजंट म्हणाला. "वहाँ आपका कोई है? फॅमिली, रिलेटिव्ह?"

"नहीं, कोई नहीं है. इसीलिए."

एजंटला काही समजलं नाही. तो आपला नेहमीसारखं परमिशनचं इन्शाल्ला, इन्शाल्ला करत राहिला. नवऱ्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोण नाय तर कोण नाय. निदान येवन काय करतलास असा विचारणारो तरी कोण नाय."

इतके दिवस जे राज्य मी मागत होते ते मला मिळालं होतं. आणि मला एकदम त्याच्या त्या दोन खोल्या दिसायला लागल्या, पुढं पडवी, स्वयंपाकघराची खिडकी कलमांच्या बाजूला, आणि मी त्या सगळ्या ऐकून पाठ केल्या होत्या हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मला रडू आलं. मी रडले आणि त्याच्यावरच खेकसले, "आता महात्मा बनू नका! नंतर मला ऐकवाल!"

"ऐकवतलंय," तो म्हणाला. "रोज ऐकवतलंय. सोडतंय काय तुका?"

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि माझी कणीक मळायची परात उचलून अंगणात घेऊन गेला. वाळवंटातलं कासव असलं तरी आठवड्यातून एकदा त्याला पाणी लागतं, पुढचे पाय भिजवून पिता येईल एवढंच. ते काम इतकी वर्षं मी करत आले, बादलीनंतर मी नवऱ्याला त्याच्या पाण्याजवळ फिरकूच दिलं नव्हतं. त्यानं नळ सोडला, बंद केला. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, खाली बसला. परातीत दोन बोटं उभी धरली, पाणी कुठपर्यंत येतं ते बघितलं आणि बोटं तशीच वर करून मला दाखवली, ओली.

"एवढा पुरे गो?"

"अर्धं बोट कमी करा," मी म्हटलं.

त्यानं ओंजळीनं थोडं पाणी बाहेर काढलं आणि पुन्हा बोटं बुडवून बघितली. मग माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हणेपर्यंत कासवाला परातीजवळ येऊ दिलं नाही.